‘पेढीचा धनी’ जळाला त्या दुपारी

१

“भैरवी, बाई घर विकून राहिल्या! पाच वाजता इसार हाय. तू येतं का मी येऊ तुले कान धरून आणाले?”

पंचफुलामावशीचा फोन आला तेव्हा मी इतवारीत होते. मारबतीची मिरवणूक बघून झाली होती, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडून घसा बसला होता आणि हातात तर्रीपोह्यांची प्लेट होती. ती तशीच टाकून निघाले. पोहे टाकून उठायची माझी रीत नाही, पण प्रश्न बाईंचा होता.

मी भैरवी धोटे. इन्शुरन्स कंपन्यांसाठी आगीचे सर्व्हे करते. जिनिंग, मिरचीची गोदामं, फर्निचरची दुकानं, जिथे म्हणून काही जळतं तिथे दुसऱ्या दिवशी मी राख उकरत बसलेली असते. काय जळालं, कसं जळालं आणि पुष्कळदा कोणी जाळलं, हेही मला कळतं. फुशारकी मारते आहे असं वाटेल. मारतेच आहे.

आणि अरुंधतीबाई बक्षी म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई. मूळच्या नागपूरच्या, घर प्रताप नगरात, पण नोकरीची सगळी वर्षं पारशिवनी आणि भिवापूरकडच्या शाळांत काढली. तिकडच्या निम्म्या घरांत त्यांच्या हाताखालून गेलेलं माणूस सापडतं. सुट्टीत त्या आमच्यापैकी दोघा-चौघांना या घरी आणून ठेवत आणि गणित घोटून घेत. बाईंचा शब्द म्हणजे आमच्याकडे स्टँपपेपर. घोळ झाला तो त्यातूनच.

बाईंच्या आजेसासऱ्यांनी मूकपटाच्या जमान्यात नागपुरातच एक सिनेमा काढला होता. नाव ‘पेढीचा धनी’. एक धनशेठ पेढी उघडतो, विधवांच्या पाटल्या आणि म्हाताऱ्यांची पुंजी दुप्पट करून देतो म्हणून ठेवून घेतो आणि एका दिवशी हात वर करतो, अशी गोष्ट. सिनेमा हरवला असंच सगळे धरून चालले होते. गेल्या वर्षी तो घराच्या बाहेरच्या खोलीत, जुन्या पेटीत सापडला. बाईंचा पुतण्या ऋषिकेश नाशिकहून इकडे आला होता, त्याला. तो नाचतच सुटला. सिनेमा साफ करायचा, त्याची नवी प्रत काढायची, गावोगावी पडदा लावून हार्मोनियम-तबल्यासकट दाखवायचा, आणि जो पैसा घालेल त्याला खेळाच्या कमाईत वाटा.

ऋषिकेशच्या तोंडाकडे बघून कोणी चहासुद्धा पाजला नसता. लोकांनी पैसे दिले ते बाईंच्या तोंडाकडे बघून. बाई म्हणाल्या होत्या, “बुडालं तर माझ्याकडून घ्या.”

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात बाहेरच्या खोलीला आग लागली. सिनेमाचे डबे जळाले. पोलिसांनी जुनी वायरिंग पाहिली, शॉर्ट सर्किट लिहिलं आणि मोकळे झाले. आणि बाई निघाल्या शब्द पाळायला.

२

प्रताप नगरात तान्हा पोळा जोरात होता. गल्लीभर पोरं फेटे बांधून, लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरत होती. बाईंच्या घरासमोर मात्र एक पांढरी लांब गाडी उभी होती आणि फाटकाला तोरण नव्हतं.

ओट्यावर पंचफुलामावशी घरच्या लाकडी नंदीला झूल शिवत बसली होती. मावशी भिवापूरची. बाईंची बदली तिकडे झाली तेव्हा त्यांच्याकडे आली ती परत गेलीच नाही. आता हे घर कोणाचं, बाईंचं की मावशीचं, ते घरालाही सांगता येणार नाही.

“पाह्य वं, आली! बाई, भैरवी आली!” मावशी ओरडली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, “विक्रमदादा कागद घेऊन बसला हाय. माह्यं तं डोस्कं फिरून राह्यलं.”

विक्रम म्हणजे बाईंचा एकुलता एक मुलगा. सीए. माझ्याच वयाचा. लहानपणी याच ओट्यावर त्याच्याशी नंदीच्या दोरीवरून माझी मारामारी व्हायची. आता रामदासपेठेत फ्लॅट, अंगात इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधात बुडवलेलं.

“भैरवी, बरं झालं आलीस. आईला जरा समजाव. ती रडत नाही, काही नाही. नुसती बसून आहे.”

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. विक्रम त्यांच्या खांद्यावर शाल घालायला वाकला आणि बाई सटासट शिंकल्या. मग मलाही शिंक आली.

“तुझ्या अंगाला रोज हा कसला ठसका असतो रे?” बाई वैतागल्या.

“कळमन्याला क्लायंटकडे जातो ना आई. मिरचीचं कोल्ड स्टोरेज आहे त्याचं. ऑडिट चालू आहे.”

मी बाईंच्या पायाशी बसले. “बाई, हे काय चालवलंय? हे घर विकून तुम्ही जाणार कुठे?”

“विक्रमकडे जाईन. पंचफुलाला त्याच्याकडे जागा नाही म्हणतो, तेवढं एक बघायचंय.” बाई अगदी शांत होत्या. “भैरवी, तू गणितात बरी होतीस. शब्द दिला, वस्तू गेली. आता माझ्याजवळ काय उरतं? घर. मग घर द्यायचं. सोपं आहे.”

मला इतका राग आला म्हणता! बाईंवर नाही. सत्तरी उलटलेल्या बाईला हे गणित ज्याने घातलं त्याच्यावर.

“पाचपर्यंत वेळ द्या मला,” मी म्हटलं. “मी बाहेरची खोली बघते.”

“अगं, पोलिसांनी बघितली,” विक्रम म्हणाला.

“पोलिसांनी बघितली, मी नाही. माझं पोट माझ्याच जेवणाने भरतं, विक्रम.”

३

अंगणाच्या टोकाला ती खोली. लहानपणी आम्ही तिथेच बसून पाढे म्हणायचो. आता भिंती काळ्या, छताला काजळी आणि मधोमध पत्र्याचे गोल डबे, तोंडं उघडी पडलेली. आत काळा गोळा. मी तो नखाने उचकटला. वर कोळसा होता, खाली मात्र चिवट, वितळून थिजलेलं काहीतरी. खिडकीची चौकट शाबूत होती. भिंतीतला कोनाडा काजळीने भरला होता. मला ही आग आवडली नाही. फार सभ्य आग होती.

काजल तिथेच आली. मीच फोन करून बोलावलं होतं. सिनेमा साफ करण्यासाठी पुण्याहून आलेली ही मुलगी, जुन्या फिल्मांचं शिकलेली. आगीनंतर हॉटेलात रडत बसली होती, डोळे अजून सुजलेले.

“काजल, मला सिनेमातलं ओ का ठो कळत नाही. ही फिल्म कशी असते ते सांग.”

“खूप नाजूक. त्या काळची फिल्म उष्णतेने चिकटते, सडते. मी सगळ्यांना हात जोडून सांगत होते, हिला थंडीत ठेवा, या खोलीत नको. या उकाड्यात मी डबे उघडतसुद्धा नव्हते. पहिला तुकडा तेवढा तपासायला नेला होता.”

तो तुकडा तिने लॅपटॉपवर दाखवला. मुका, थरथरणारा, पण काय चीज होती! इतवारीची जुनी गल्ली, पगडीवाला धनशेठ. तो स्वतःच्याच पेढीला पलिता लावतो, तिजोरी बगलेत मारून मागच्या दाराने निघतो आणि पुढच्या दाराशी येऊन ऊर बडवतो. मग अक्षरांची पाटी येते: ‘आग लावणाराच आधी बोंबलला.’

“हे कोणी कोणी पाहिलं होतं?” मी विचारलं.

“सगळ्यांनीच. बाईंच्या घरी टीव्हीवर लावलं होतं. बाई, विक्रमसर, ऋषिकेश, मावशी. मावशी तर धनशेठला शिव्या देत होत्या.”

म्हणजे कल्पना घरबसल्या, फुकट मिळाली होती.

“आगीच्या दिवशी तू इथे होतीस?”

“सकाळी. डब्यांचे फोटो काढायला. ऋषिकेशने स्कूटरवर आणलं आणि हॉटेलवर सोडलं. मग दुपारी त्याचाच फोन आला, सगळं गेलं म्हणून.” तिने लॅपटॉप मिटला. “मॅडम, लोक म्हणतात त्यानेच केलं. पण तो वेडा आहे, चोर नाही.”

वेड्या माणसाला मी गल्लीच्या तोंडाशी गाठलं. घराच्या आत येण्याची त्याची हिंमत नव्हती. दाढी वाढलेली, काखेत हेल्मेट, चेहरा उपाशी.

“काकूंनी मला दारात उभं करणं सोडलंय,” ऋषिकेश म्हणाला. “मी त्या दुपारी परत आलो होतो, खरं आहे. खोलीतून माझे कागद घेतले आणि गेलो. अंगणातूनच. घरात गेलोही नाही, मावशी पोळ्या लाटत होत्या, तिथूनच हात केला. कोणी मानत नाही.”

“पैसे कोणाकडे होते?”

“खातं विक्रमदादा बघायचा. मला हिशेब जमत नाहीत. त्यालाच मी म्हटलं होतं, काजल म्हणते तशी थंड जागा बघ. तो म्हणाला, भाडं फार आहे, बघू.” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “ताई, आता काय करून फायदा? सिनेमा तर गेला.”

मी परत वळले. सगळे म्हणत होते, सिनेमा गेला. पण तो जाताना कोणी पाहिला, हे मला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

४

“मावशी, आग पहिले कोणी पाहिली?”

मावशी नंदीच्या शिंगांना बेगड लावत होती. मान वर न करता म्हणाली, “मीनं. दादा जेवून गेला. मी भांडे घासून राह्यली होती. धूर दिसला. बाईले हाक मारली अन् धावली.”

“मग? अग्निशामकवाले कधी आले?”

“ते आले वरातीमागून. मीनंच इझवली ना! टाक्यातून दोन-चार बादल्या मारल्या, इझली. फुस्स झाली.”

“पाण्याने विझली?”

“मंग काय, तुपानं इझवू?”

“पोलिसांना सांगितलंस हे?”

“मले कोन पुसते बाप्पा! माणसं माणसाइले पुसत होते.”

मी काजलला हाक मारली आणि मावशीला तेच परत सांगायला लावलं. मावशी कुरकुरत बोलली. ऐकता ऐकता काजलचं तोंड उघडं पडलं.

“शक्यच नाही,” ती म्हणाली.

“अवं पोरी, मी खोटं बोलून राह्यली का?”

“नाही, नाही मावशी! तसं नाही.” काजल माझा दंड धरून हलवायला लागली. “मॅडम, त्या काळची फिल्म पाण्याने विझतच नाही. पाण्याखालीही जळते. एकदा पेटली की भडका. इतके डबे पेटले असते तर ती खोली उभी राहिली नसती. दाराजवळही जाऊ देत नाही अशी आग असते ती.”

माझी ती सभ्य आग! मी धावत जाऊन त्या काळ्या गोळ्याचा चिवट तुकडा आणला. काजलने तो उजेडात धरला, वास घेतला, बोटांत चोळला.

“ही आपली फिल्म नाही. हे व्हिडिओ कॅसेटमधल्या टेपचं भेंडोळं आहे,” ती म्हणाली. आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते वेगळ्याच कारणाने. “‘पेढीचा धनी’ जळालाच नाही!”

“गप,” मी म्हटलं. “ओरडू नको. डबे तेच आहेत, माल काढून घेतलाय. ज्याने काढला तो बहुतेक आत बसून चहा पितोय.”

मी ‘बहुतेक’ म्हटलं, कारण नाव घ्यायला माझ्याकडे अजून काही नव्हतं. मिरचीचा ठसका म्हणजे पुरावा नव्हे. नागपुरात मिरचीला कोण शिंकत नाही? घड्याळात चार वाजून गेले होते आणि घर घेणारा बिल्डर पाचला येणार होता.

तेव्हा मावशीने नंदी उचलून माझ्या मांडीवर ठेवला. “हं. झूल नीट पकड. गाठ मारू दे.”

५

हा नंदी बाईंच्या सासरचा, पिढ्यांचा. काळ्या शिसवीचा, माझ्या हाताएवढा उंच. अंगावर बारीक कोरीव घुंगरमाळा. वर्षभर तो त्या बाहेरच्या खोलीतच असायचा, कोनाड्यात. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी त्याला बाहेर काढायचं, धुवायचं, तेल लावायचं, पूजा करायची. लहानपणी मी त्याला दर वर्षी धुतलाय.

मी त्याच्या घुंगरमाळांत नख घातलं. नख स्वच्छ. पोटाखाली हात फिरवला, नाकाशी नेला. जुन्या तेलाचा वास. बस्स.

“मावशी, हा आगीतून कसा वाचला गं?”

“बाईनं काढून ठेवला असंन. पोळ्याले गूळ पाह्याले कोठीच्या खोलीत गेली तं वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्याइच्या मागं बसला होता.”

मी आत गेले. बाई एकट्याच होत्या. विक्रम फाटकाशी फोनवर बोलत होता.

“बाई, नंदी कोठीत तुम्ही ठेवलात?”

“मी? छे गं. पंचफुलाने आगीतून काढला असेल. मी मनातल्या मनात तिचे पाय धरले.”

बघा आता. दोघींनी एकमेकींचे उपकार मानले आणि एकमेकींना विचारायचं राहून गेलं. पण धुराची काजळी फडक्याने पुसून जात नाही. कोरीव लाकडात बसली की सालोसाल निघत नाही, वास तर मुळीच नाही. मी त्यातच खाते-पिते. या नंदीने ती आग पाहिलेलीच नव्हती. आग लागायच्या आधी कोणीतरी त्याला उचलून सुखरूप ठेवलं होतं. म्हणजे ज्याला माहीत होतं की इथे आग लागणार आहे, त्याने.

“काजल! त्या सकाळचे फोटो दाखव.”

फोटोत डबे होते, आणि मागे कोनाड्यात नंदीही होता. त्याच्या शिंगांना ऋषिकेशचं हेल्मेट अडकवलेलं. काजल ओशाळली. “आम्हाला वाटलं शोपीस आहे. तो रोज तिथेच अडकवायचा.”

म्हणजे सकाळी नंदी जागेवर होता आणि दुपारी कोठीत. मधल्या वेळात तीनच माणसं आली-गेली. काजल तर हॉटेलात होती. ऋषिकेश अंगणातून परत गेला, कोठीला जायचं तर स्वयंपाकघरातून, मावशीच्या नाकासमोरून जावं लागतं. आणि ज्याने नंदीला हेल्मेटची खुंटी केली, तो त्याला वाचवायला कशाला जातो? विक्रम घरात जेवायला होता.

“मावशी, नंदी फळीवर होता तेव्हा नुसता होता का?”

“नुसता कसा असंन? खाली मूठभर गहू होते ना.”

आमच्याकडे नंदी उघड्या लाकडावर ठेवत नाहीत. खाली दाणे घालतात, त्याच्या पोटाला म्हणून. हे पुण्याच्या काजलला ठाऊक असायचं कारण नव्हतं, नाशिकच्या ऋषिकेशलाही नव्हतं. हे या घरात वाढलेल्या पोराला ठाऊक होतं. तो आईचं घर विकायला निघाला होता, शेकडो माणसांना टोपी घालून बसला होता, आणि लाकडाचा बैल जाळायला मात्र त्याचा हात धजावला नव्हता.

फाटकाशी आणखी एक गाडी थांबली. बिल्डर वेळेच्या आधीच आला होता.

६

“भाऊ, दोन मिनिटं गाडीतच बसा,” मी बिल्डरला सांगितलं. “आत पूजा चालू आहे.”

पूजा होतीच. मावशीने पाट मांडला होता. मी ऋषिकेशला दंडाला धरून आत आणलं. बाईंनी मान फिरवली. नंदी पाटावर ठेवायचा बाकी होता, तो माझ्या हातात होता.

“विक्रम, इकडे ये बे. नंदी तूच ठेव. घरचा मुलगा तू.”

तो आला. चप्पल काढून आला.

मी अगदी सहज विचारलं, “मला एक सांग, त्या दिवशी घाईत होतास, मग नंदीखाली गहू कशाला घालत बसलास?”

“मग काय नुसत्या फळीवर ठेव...”

आणि तो थांबला.

ओट्यावर गल्लीतल्या पोरांच्या बैलांची चाकं ऐकू येत होती. त्याच्यासमोर फळीचं नाव मी घेतलं नव्हतं. कोणीच घेतलं नव्हतं. मावशीने तोंडाला पदर लावला.

“काय फळी?” बाईंनी विचारलं. “विक्रम, कोणती फळी?”

मग मी बोलले. मला बोलायला आवडतं, पण त्या दिवशी आवडलं नाही. पाण्याने विझलेली आग, टेपचं भेंडोळं, स्वच्छ नंदी, सकाळचा फोटो, सगळं सांगितलं. “आणि ती फिल्म थंडीत ठेवायला हवी हे याला काजलने सांगितलं, ऋषिकेशनेही सांगितलं. याने जागा शोधली की! कळमन्याला, क्लायंटच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, मिरचीच्या पोत्यांत. रोज जाऊन बघून येतो, ठसका अंगाला घेऊन. चल, आत्ता जाऊ. खोटी निघाले तर तुझ्यासमोर नाक घासते.”

विक्रम पायरीवर बसला. नाकारायचा प्रयत्नही त्याने केला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

“शेअर बाजारात, ऑप्शन्समध्ये टाकले होते,” तो म्हणाला. “लोकांचे पैसे खात्यात नुसते पडून होते. म्हटलं महिनाभरात दुप्पट करतो आणि परत ठेवतो. बुडाले. मग आणखी टाकले.” त्याने तोंड पुसलं. “सिनेमा जळाला की कोणी विचारणार नाही, पैसा त्यातच गेला म्हणतील. डासांची कॉईल वातीसारखी लावून ठेवली आणि निघालो. आई घर विकते म्हणेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. पण ती म्हणाली, आणि मला वाटलं, हेच बरं. सगळ्यांचे पैसे फिटतील. कोणाचं नुकसान नाही.”

“अन् फिल्म?” काजलने विचारलं.

“बाहेरचा एक माणूस घेणार होता.”

ऋषिकेश पुढे झाला, मला वाटलं आता मारतो. पण तो एवढंच म्हणाला, “दादा, लोकांनी माझ्या अंगावर थुंकायचं बाकी ठेवलं होतं रे.”

७

विक्रमने आईचे पाय धरले. “आई, जे झालं ते झालं. फिल्म उद्याच आणतो. पण बाहेर नको बोलूस. घराचा व्यवहार होऊ दे, पैसे वाटून टाकू, कोणाला काही कळणार नाही. माझं लायसन्स जाईल. मी तुझा मुलगा आहे.”

बाईंचा हात एकदा त्याच्या केसांपर्यंत गेला. मला भीती वाटली, खरंच सांगते. घर विकलं तर मुलगा वाचत होता. कोणत्या आईला मोह होणार नाही?

“वस्तू गेली म्हणून घर विकायला निघाले होते मी,” बाई म्हणाल्या. “वस्तू आहे. गेला तो पैसा, आणि तो तू उडवलास. मग फ्लॅट तुझा विकायचा, गाडी तुझी विकायची. माझं घर कशाला?”

“आई...”

“भैरवी, त्या गाडीतल्या गृहस्थांना म्हणावं, या घराचा व्यवहार होणार नाही. हवा असेल तर रामदासपेठेत एक फ्लॅट आहे.”

मावशी एवढ्या जोरात “हाव!” म्हणाली की बिल्डरने काच खाली केली.

मी जाऊन सांगून आले. परत आले तोवर बाईंनी फोन घेतला होता. भिवापूरचे रुपराव, लोकांकडून पैसे गोळा करण्यात पुढे असलेले, बाईंच्या पहिल्या वर्गातला मुलगा, आता स्वतः आजोबा. बाईंनी फोनचा स्पीकर लावला, विक्रमला ऐकू जावं म्हणून.

“रुपराव, मी बक्षीबाई. सिनेमा जळाला नाही. माझ्या मुलाने लपवला होता. तुमचा पैसाही त्यानेच बाजारात घालवला. ऋषिकेशचा काही दोष नाही. उद्या मी विक्रमला घेऊन पोलिसांत जाते आहे. त्याचं घर विकून पैसे फेडीन, वेळ लागेल. शब्द मी दिला होता, म्हणून मीच सांगते आहे. आता तुम्हाला मला जे बोलायचं असेल ते बोला.”

आवाज एकदाही हलला नाही. पलीकडून गाय हंबरल्याचं ऐकू आलं, कोणीतरी पोराला दटावलं.

“बाई,” रुपराव म्हणाले.

“बोला.”

“तुमी जेवल्या का?”

आग लागल्यापासून रडल्या नव्हत्या बाई, आता फोन हातात धरून लहान मुलीसारख्या हमसून हमसून रडायला लागल्या. मावशीने फोन घेतला आणि ओरडून सांगितलं, “नाई जेवल्या, गा! सकायपासून पाणीबी नाई!”

“मंग पयले त्याइले जेवू घाल,” रुपराव म्हणाले. “पैशाचं पाहू मागून. आमी उद्या येतो, धा-वीस जणं. बाईले एकटं ठाण्यात जाऊ देत असतेत का?”